शेखर सरांची चाळीस सेकंदं

शेखर सर वारले आणि त्यांनी अकोल्याच्या एका कापसाच्या जिनिंग कारखान्यासाठी लिहिलेला प्रोग्राम जुईलीच्या गळ्यात पडला. गाठींच्या गोदामात धूर दिसला की भोंगा वाजवायचा, लोखंडी शटर पाडायचं आणि मग आग विझवणारा, पण माणसालाही गुदमरवणारा गॅस आत सोडायचा, एवढंच त्याचं काम. पण सरांनी सहा हजार ओळी लिहून ठेवल्या होत्या, आणि कुठली ओळ कशासाठी हे लिहून ठेवायचा त्यांना भारी कंटाळा.

जुईलीने अमरावतीच्या ऑफिसात बसून त्या सगळ्या ओळी एआयपुढे ठेवल्या. तो दमत नव्हता, वैतागत नव्हता, सरांसारखा "आधी स्वतःचं डोकं चालव" म्हणून खेकसतही नव्हता. ती विचारायची, उत्तर यायचं, ती मान डोलवायची. पंधरा दिवसांत सगळं कळलं असं तिला वाटलं. आता नुसतं वाटणं म्हणजे कळणं नव्हे, हे तिला सांगणारा माणूस तर गेलेला.

भोंगा आणि शटर यांच्यामध्ये सरांनी चाळीस सेकंदं नुसतं थांबायला लावलं होतं. हे कशाला, तिने विचारलं. कारण कुठे लिहिलेलं नाही, उशिरामुळे आग पसरू शकते, काढलं तरी चालेल, असं उत्तर आलं. पटण्यासारखंच होतं. तिने काढून टाकलं.

सोमवारी भर दुपारी ती चाचणीसाठी अकोल्याला आली. हंगाम संपून गोदाम रिकामं होतं. तिथले जुने वायरमन उस्मानचाचा यांनी तिने पाठवलेली बदलांची यादी पाहून बसल्या बसल्या पहिलाच प्रश्न टाकला. "ते चाळीस सेकंद काहून काढले बेटा तुमी?"

"गरज नव्हती, चाचा."

"अन् हे कोनं ठरवलं? गोदाम झाडनाऱ्या म्हाताऱ्या भागीरथाबाईले मागच्या कोपऱ्यातून दारापर्यंत यायले तेवढा वेळ लागते. शेखरसायबांनं घड्याळ लावून मोजला होता."

जुईलीने तोंड उघडलं. ते काढण्याचं कारण तिला तोंडपाठ होतं, पण ते आपल्याला कधी सुचलं हे काही केल्या आठवेना. मनात हात घालावा आणि तिथे दुसऱ्याचंच सामान लागावं, तसं झालं. ती फार खजील झाली आणि खजील माणूस करतो तसा हट्टाला पेटली. "मीच जाते कोपऱ्यात. बघू या," म्हणाली आणि लॅपटॉप चाचांपाशी ठेवून उदबत्त्यांचा पुडा घेऊन आत गेली.

धूर वर चढला. भोंगा वाजला, ती धावली, पण अर्ध्या वाटेतच शटर धाडकन खाली आलं.

आतून शटर उघडायची सोय सरांनी ठेवलेली होती. फोनच्या उजेडात भिंतीवरची तीन बटणं दिसत होती. कुठलं आधी, कुठलं नंतर, ती ओळ तिने वाचलेली होती, तिचं एआयने दिलेलं स्पष्टीकरणही वाचलेलं होतं, पण क्रम काही आठवेना. फोनला रेंज नव्हती.

तेव्हा तिच्या मनात, ती रोज टाइप करायची तसे, सावकाश, नीट शब्द उमटले. शटर आतून कसं उघडायचं? आणि ती थांबली. छताला गॅसच्या नळीचं तोंड होतं, त्याच्याकडे पाहत ती उभी राहिली. भीती अशी वाटलीच नाही.

चाचांनी हाताने साखळी ओढून शटर वर केलं, तेव्हा ते घामाने निथळत होते. "गॅसचा कॉक म्या आधीच बंद करून ठेवला होता म्हणून वाचली तू! अकरा मिनटं हाका मारून राहिलो. एक थाप नाही, ओ नाही. बटन तरी दाबून पाहाचं! काय करून राहिली होती आतमंदी?"

जुईलीने त्यांच्याकडे शांतपणे पाहिलं.

"मी विचारलं होतं, चाचा," ती म्हणाली. "उत्तर यायची वाट पाहत होते."