नळीतली धूसर छटा

नळीतलं द्रावण पाण्यासारखंच दिसे. पण खिडकीसमोर तिरकं धरलं की त्यात अगदी पुसट धूसर छटा असे, तांदळाच्या धुवणाहूनही फिकी. संशोधक हिमबिंदूला ती उन्हाळ्यापासून दिसत होती. उजेडाचा खेळ असेल, म्हणून ती दर वेळी नळी खाली ठेवी.

नळीत तिनंच घडवलेला रेणू होता. पेशीच्या आवरणात एक स्निग्ध पदार्थ तयार होऊन पेशीला ‘वाढ’ असा निरोप देतो. कर्करोगात हा निरोप थांबतच नाही; रेणूनं तो अडवायचा होता. उपाशी पेशींना वाढीचं प्रथिन दिलं की सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्या कडेनं निरोपाची खूण म्हणून हिरवं कडं उमटे. रेणू मिसळला की उमटत नसे. सोमवारी तो उंदरांना टोचायचा होता.

“अक्का, डब्यातला पुलिहोरा भात संपला तर मला बोलायचं नाही हं,” तिची सहकारी सुगुणा दारातून ओरडली. “की त्या नळीशीच संसार थाटलायस?”

“तुझा तो भाषणातला लेसर दे जरा.”

लाल किरण स्वच्छ पाण्यातून न दिसताच पलीकडे गेला. तिच्या नळीत मात्र तो सरळ रेघेसारखा उमटला, धुरकट स्वयंपाकघरात उतरलेल्या उन्हासारखा.

सुगुणा जवळ आली. “अगं, रेणूचे बारीक गोळे झालेत की! आणि आपण प्रथिन ह्याच नळीत मिसळतो.”

वेळ वाचतो म्हणून हैदराबादच्या त्या प्रयोगशाळेत सगळेच तसं करत. प्रथिन गोळ्यांनाच चिकटत असेल, तर पेशींना निरोप मिळतच नव्हता; रेणू फुकटचं श्रेय घेत होता. पण विरघळलेला रेणूही काम करत असला तर?

डबा तसाच राहिला. हिमबिंदूनं नळी यंत्रात गरगर फिरवली. गोळे तळाशी बसले. वरच्या निवळीत तिनं प्रथिन मिसळलं, ते पेशींवर ओतलं आणि डोळा भिंगाला लावला.

एक कडं उमटलं. शेजारी दुसरं. मग सगळीकडे. विरघळलेला रेणू काहीच अडवत नव्हता.

वाईट वाटायला हवं होतं. तिला मात्र पाहत राहावंसं वाटलं.

“काय गं, चेहरा एवढा खुललाय?” प्रयोगशाळेच्या प्रमुख कामेश्वरी मॅडम आत आल्या. त्यांच्याच शब्दावर सोमवार ठरला होता. “लग्नबिग्न ठरवलंस की काय? उंदरांची तयारी झाली ना?”

सुगुणानं मान खाली घातली. हिमबिंदू उठली आणि आपलं स्टूल त्यांच्याकडे सरकवलं.

“आधी बघा, मॅडम. उंदरांना हा रेणू द्यायचा नाही. तो आपण सोडून देऊया.”