तिमोथीची थाप

हिवाळ्यातले उतरते ऊन. तापीकाठची काळीभोर माती, आणि त्या मातीवर पांढरेशुभ्र, मूक, दूरवर पसरलेले कापसाचे शेत. वेचणी अर्धी झालेली. कापसाच्या गाड्या जिनिंग कारखान्याकडे निघाल्या की वाटेवरच्या बाभळी आपला वाटा काढून घेतात. काट्याकाट्याला पुंजका, पुंजक्यापुंजक्यात ऊन. वारा नव्हता. काहीही हलत नव्हते.

त्या श्वेतशांत शेतांच्या कडेला रेल्वेची वसाहत, वसाहतीत नाचगाण्याचे जुने इन्स्टिट्यूट, आणि इन्स्टिट्यूटच्या लाकडी मंचावर सिलास थोरात आपला डबल बास कुशीला घेऊन उभा. माणसाहून उंच, मधाच्या रंगाचे, चार तारांचे ते वाद्य. त्याच्या पाठीमागे, पांढऱ्या चादरीखाली, ड्रमचा संच. तो तिमोथीचा, सिलासच्या धाकट्या भावाचा. पावसाळ्यात काविळीचे निमित्त झाले आणि तिमोथी गेला. चादर तेव्हापासून कोणी काढलेली नव्हती.

सिलास रडला नव्हता. कबरीत मूठभर माती टाकताना नाही, घरी परतल्यावर नाही, नंतरही नाही. वसाहतीचे काय, ती रडणाऱ्याला रडका म्हणते आणि न रडणाऱ्याला दगड. सिलासला तिने दगड ठरवले, आणि या खेपेला ती अगदीच चुकली नव्हती. चहा गरम की गार, हे त्याला पेला रिकामा झाला तरी कळत नसे. बोटे तारेवर फिरत, पण तार बोटांना काही सांगत नसे.

उद्या संध्याकाळी वसाहतीचा नाताळाचा नाच. बर्नार्ड गिटार वाजवतो आणि गातो. त्याने नागपूरचा एक ड्रमवाला ठरवत आणला होता. तो येणार म्हणजे तिमोथीच्या स्टुलावर बसणार, तिमोथीच्या काठ्या हातात घेणार. सिलासला तेवढे नको होते. जगात आता त्याला नको असलेले असे तेवढेच उरले होते.

"ड्रम कशाला?" तो म्हणाला. "रॉकाबिलीला सुरुवातीला ड्रम नसायचाच."

खरे होते ते. दूर देशी, अमेरिकेच्या दक्षिणेला, असाच कापूस, असेच वाकलेले कणे. त्या कापसात राबणाऱ्या काळ्या माणसांनी दुःखाला चाल लावली, ते ब्लूज. त्यांच्या प्रार्थनेत टाळ्यांनी छप्पर हादरे. डोंगरांतून गरीब गोरे फिडल, म्हणजे आपले व्हायोलिनच, घेऊन उतरले. त्यांच्या गाण्यांत घर, आगगाडी आणि ताटातूट. वस्त्या वेगळ्या, बाकडी वेगळी, पण सूर कुठे कुणाचे ऐकतात? ते कुंपणावरून गेले, रेडिओतून शिरले, आणि एके दिवशी तरण्या पोरांनी दोन्ही एकत्र बांधून भरधाव सोडले.

तेच रॉकाबिली. उचकी लागल्यागत तुटणारा गळा, झणझणती गिटार, भिंतीला शिवून लगोलग परतणारा आवाज. आणि ड्रमचे काम करणारा डबल बास: तार ओढून सोडायची, ती वाद्याच्या मानेवरच्या फळीवर फटकन बसते, मग मधल्या रिकाम्या ठोक्याला उघड्या तळहाताची थाप. तार, थाप, तार, थाप.

वसाहतीतले अँग्लो-इंडियन ड्रायव्हर ऑस्ट्रेलियाला गेले, तबकड्या मागे राहिल्या, आणि त्या तबकड्यांवर हे दोन भाऊ वाढले. वाटणी लहानपणीच झाली. तार थोरल्याची, थाप धाकट्याची. त्यामुळे सिलासच्या तळहाताला कधी फळीवर पडावेच लागले नव्हते.

"आज जमलं तर जमलं, सिलासभाऊ," बर्नार्ड म्हणाला. "नाहीतर मी नागपूरला फोन लावतो. राग मानू नका."

गाणे सुरू झाले. तार वाजली, आणि तिच्यापुढे जागा रिकामी राहिली. पुन्हा तार, पुन्हा रिकामी जागा. तळहात उचलला जाई, हवेत थांबे. शेजारी बसणाऱ्यासाठी बाकावर सरकून घ्यावे, तसा सिलास दर ठोक्याला भावासाठी सरकत होता. बर्नार्ड अडखळला, थांबला, पुन्हा गाऊ लागला, पुन्हा अडखळला. लंगड्या गाण्यावर कोणी नाचू शकत नाही.

आणि सिलास हळूच वाजवत होता, मुद्दाम. डबल बास जोरात बोलला की मागच्या संचातल्या साइड ड्रमच्या पोटाशी ताणलेल्या बारीक तारा आपोआप थरथरतात. म्हणून तिमोथी वाजवून झाले की त्या सैल करून ठेवी. शेवटच्या खेपेला अंगात ताप होता, आणि त्या तशाच ताणलेल्या राहिल्या. सिलासला ते ठाऊक होते.

दारात रूथ उभी होती, तिमोथीची बायको. उद्या लोक येणार, म्हणून ती चादर धुवायला न्यायला आली होती. तिने ते लंगडणे ऐकले. पायरीवर चप्पल काढून ती आत आली, मंचाशी थांबली, आणि रविवारच्या भजनाला वाजवतात तशी तिने टाळी वाजवली. नेमकी त्या रिकाम्या जागेत.

तार, टाळी. तार, टाळी. गाणे उभे राहिले, धावू लागले. बर्नार्डचा चेहरा उजळला. अख्खे कडवे सुखरूप पार पडले. मग रूथने हात खाली घेतले.

"दादा, माझ्या टाळ्या कुठवर पुरतील?" ती म्हणाली. "तुम्ही वाट बघताय. तो नाही यायचा आता. दुसऱ्या कुणाला तिथं बसवायचं नसेल, तर ती जागा तुम्हीच भरा."

ती जागा भरणे म्हणजे भाऊ गेला हे आपल्या हाताने मान्य करणे, एवढेच सिलासच्या बधिर मनाला लख्ख कळत होते. आणि न भरणे म्हणजे उद्या परका माणूस त्या स्टुलावर. बर्नार्डने खाली मान घालून गिटार पुन्हा छेडली.

सिलासने तार ओढली, सारा जोर लावून, आणि सोडली. तळहात वर गेला. थांबला. मग पडला.

लाकूड बोलले. कळ तळहातातून मनगटात, मनगटातून कोपरापर्यंत गेली. दुखले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्याला काही दुखले.

आणि त्याच्या पाठीमागे, चादरीखाली, अंधारात, साइड ड्रमच्या तारा थरथरल्या.

चादरीकडे गेलेला रूथचा हात तिथेच थबकला. बर्नार्ड गात राहिला. सिलासने मागे वळून पाहिले नाही. डोळे कोरडेच होते. पुढचा ठोका आला, त्याने तोही भरला. लाल होत चाललेला तळहात, मधाच्या रंगाचे लाकूड, तार, थाप, तार, थाप, आणि दर थापेमागे, चादरीखालून, हलकेच, उत्तर.