अर्धी बंदूक माझ्याकडे

ताउनोने अट घातली ती कागदावर, आणि तो कागदही थर्लोच्या हातात दिला नाही. लोरीनच्या दुकानात गल्ल्यावर ठेवून गेला. वर लोरीनचंच नाव होतं: 'लोरीन, त्याला सांग. यंदा मी येईन. पण बंदूक मोडून दोन तुकडे होणारी पाहिजे. एक तुकडा त्याच्याकडे, एक माझ्याकडे.'

थर्लो पिकेटने कागद हातभर लांब धरून वाचला, कारण त्र्याहत्तराव्या वर्षी जवळचं काही त्याला दिसत नसे. मग उलटा करून मागे काही लिहिलंय का ते पाहिलं. मग उजेडासमोर धरला.

"काका, तेवढंच आहे," लोरीन म्हणाली.

तेवढंच पुष्कळ होतं. चाळीस हिवाळे थर्लोने लांबच्या तळ्यावर मार्टेन, म्हणजे मुंगसाएवढी फरवाली जनावरं, पकडण्यात घालवले होते. पण तिथे विमानाशिवाय जाता येत नाही, आणि विमान मार्वाचं. तिचा नियम असा, की सत्तरीपुढच्या माणसाला एकटं सोडून यायचं नाही. "वसंतात न्यायला जावं तर हा गोठलेला सरळ असेल की वाकडा, काय सांगावं?" ती म्हणे. "वाकडा माझ्या विमानात मावत नाही." म्हणजे जोडीदार ताउनो नसेल तर तळं नाही. आणि तळं नसेल तर शहरातली सून, गालिचा घातलेली खोली आणि दुपारी दोनला गोळ्या. या विचारानेच थर्लोच्या पायाला घाम फुटे.

ताउनोच्या बाजूनेही थोडं सांगायला हवं. थर्लोला खोड एकच, ती म्हणजे 'हे आत कसं चालतं?' अलास्कात युकॉन नदीच्या या काठावर अशी वस्तू नाही जिचं पोट त्याने उघडून पाहिलं नाही. चर्चची बाजाची पेटी, मास्तरांची कवळी, बोटीचं इंजीन, तेही बोट मधल्या प्रवाहात असताना. गेल्या नाताळात तळ्यावरच्या खोपटात त्याने ताउनोचा रेडिओ उघडला. जंगलातल्या माणसांसाठी गावाकडचे निरोप दर रविवारी रेडिओवर वाचून दाखवतात, आणि ताउनोची बहीण दर रविवारी निरोप धाडत असे. थर्लोला पाहायचं होतं की तिचा आवाज एवढा घोगरा का येतो. रेडिओचं झाकण परत बसलं तेव्हा टेबलावर चार भाग उरले होते, आणि आवाज मुळीच नव्हता.

त्या दिवसापासून ताउनो बोलायचा थांबला. थर्लोशी, बरं का. शेगडीशी बोलत असे. "शेगडे, त्याला सांग, मीठ संपलं." थर्लोही मग शेगडीलाच सांगे, "त्याला सांग, फडताळात बघ म्हणावं." थंडी तर अशी पडली होती की किटलीतून चहा ओतला तर कप भरायच्या आत वरपासून खालपर्यंत दांडी तयार व्हायची, आणि ताउनो तिच्यावर मोजे वाळत घालायचा. अशा त्या खोपटात फेब्रुवारीत एके दिवशी थर्लो बंदूक साफ करत बसला. शीळ घालत. ताउनोकडे बघत. तो नुसता विचार करत होता, रात्री जेवायला काय करावं. पण ताउनोला ते कसं कळणार? एप्रिलमध्ये ती बंदूक मासे धरायला बर्फात पाडलेल्या भोकातून तळ्याच्या तळाशी गेली. 'हातातून सुटली,' असं ताउनोने शेगडीला सांगितलं.

तर आता नवी हवी होती. मंगळवारी दोघे दुकानात आले. थर्लो गल्ल्याच्या या टोकाला, ताउनो हार्यू त्या टोकाला, आणि मध्ये लोरीन.

"गुरुवारी विमान आहे," थर्लो म्हणाला. "पीठ, सापळे, रॉकेल सगळं धरून मार्वाने बंदुकीला तीन पौंड ठेवलेत. वर एक चमचासुद्धा नाही. आणि स्वस्तातली दाखव, पैसे मी देणार आहे."

"का?"

"जुनी बुडवली त्याने द्यायला हवेत. पण त्याला यायला मी विनवतोय ना!"

लोरीनने पहिली बंदूक काढली. बंदूक कसली, नुसता प्लास्टिकचा जाड दस्ता. तिने मागचं झाकण काढलं आणि आतून नळी, कळ, मॅगझिन एकेक बाहेर ओढलं. थर्लोचे डोळे लकाकले. "पोटात सगळं! आणि हे काय लिहिलंय, पाण्यावर तरंगते?"

"तरंगते म्हणतात."

म्हणतात, एवढ्यावर थर्लोचं समाधान कधीच झालेलं नाही. तो बंदूक उचलून दारातल्या पावसाच्या पिंपाकडे गेला. धप्प असा आवाज झाला. "लोरीन! तरंगते गं!"

"तरंगते?" ताउनो त्याच्या टोकावरून म्हणाला. "मग काय उपयोग?"

लोरीनने हसू दाबून ती निथळती बंदूक मासे तोलायच्या काट्याला अडकवली. साडेतीन पौंड. "शिवाय लोरीन, त्याला सांग," ताउनो म्हणाला, "ज्याच्याकडे दस्ता त्याच्याकडे सगळीच बंदूक. दुसऱ्याने काय पाण्याचे थेंब सांभाळायचे?"

दुसरी मात्र देखणी होती. नळी एका हातात, दस्ता दुसऱ्या हातात, टेकवायचं, पिळायचं, खट्. थर्लोने ती जोडली, काढली, जोडली, काढली. चाळीस वेळा तरी. दर वेळी तो कान जवळ नेऊन 'खट्' ऐके आणि लहान मुलासारखा मान हलवे. "आत काय आहे पण? पोलादी गोळी आहे? स्प्रिंग आहे? लोरीन, पेचकस आहे का गं?"

"काका, पेचकस लागला तर बंदूक तुमची झाली."

थर्लोने हात मागे घेतला. काट्यावर ती साडेचार पौंड भरली आणि किंमत पहिलीच्या जवळजवळ दुप्पट.

"गोळ्या किती बसतात, विचार," ताउनो म्हणाला.

"दहा," लोरीन म्हणाली.

"रानकोंबडीला एक पुरते. बाकीच्या नऊ कुणासाठी, ते पण विचार त्याला."

खरं म्हणजे दहा गोळ्या असल्या की माणूस दहा मारतो, हे थर्लोलाही ठाऊक होतं. आणि गोळ्यांनाही वजन असतं. पण ताउनोचं म्हणणं बरोबर आहे हे शेगडीमार्फतसुद्धा कबूल करणं त्याच्या जिवावर येई.

मग लोरीन आत गेली आणि धूळ पुसत तिसरी घेऊन आली. ती बंदूक आहे हे आधी कुणाच्या लक्षातच आलं नाही. दस्त्याच्या जागी वाकवलेली लोखंडी तार, वर एक बारीक नळी, मध्ये बिजागर. वादळात उलट्या झालेल्या छत्रीसारखं ध्यान. एका वेळी एकच गोळी, घोडा अंगठ्याने मागे ओढायचा. काट्यावर पावणेतीन पौंड. सगळ्यांत स्वस्त, कारण दोन वर्षं कुणी हात लावला नव्हता.

"अशी दुमडते," लोरीन म्हणाली. "आणि बिजागराची खीळ ओढली की झाले दोन तुकडे." तिने खीळ ओढली. नळी एका हातात आली, तारेचा दस्ता दुसऱ्या. "आता ही परत..."

परत काही जाईना. तीन पत्र्यांची तीन भोकं एका रेषेत यायला हवी होती, आणि दोन आली की तिसरं सरकायचं. लोरीनने दोनदा प्रयत्न केला, बोट चिमटलं, आणि सगळं गल्ल्यावर ठेवून दिलं. "तुमचं तुम्ही बघा. तळ्यावर मी येणार नाहीये."

थर्लोने तुकडे उचलले. नळी दस्त्याला टेकवली. भोक कुठे आहे ते त्याला दिसेना; हात लांब करावा तर जोर जाईना. खीळ गल्ल्यावरून घरंगळत पलीकडच्या टोकाला गेली. ताउनोने ती तळव्याखाली अडवली. उचलली. ताउनोचे डोळे घारीचे, पण डाव्या हाताची दोन बोटं एकोणीसशे अठ्ठ्याऐंशीच्या थंडीने नेलेली. थोडा वेळ त्याने खीळ निरखली आणि मग, बघवेना म्हणून असेल, दोन पावलं इकडे आला.

"वर," तो म्हणाला.

थर्लोने नळी वर केली.

"एवढी नाही. खाली. अरे, खाली म्हटलं ना! माझ्याकडे तिरपी कर."

"केली की."

"ही तिरपी? ही तर लोरीनकडे झाली. हात थरथरतोय का तुझा?"

"तुझ्या श्वासाने थरथरतोय. कांदा खाऊन आलास."

"दाब. दाब आता. थांब! तिसरं भोक पळालं. अंगठा काढ तिथून, खिळीचं टोक जात नाही."

"तूच पकड मग खालचं."

"कशाने पकडू, नाकाने?"

लोरीनने खुर्ची ओढली ती आवाज न करता. ती दोघांकडे बघत होती, आणि तिचं ते बघणं थर्लोला दिसलं. तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात उजेड पडला की गेल्या पाच मिनिटांत कुणी 'लोरीन, त्याला सांग' म्हटलेलं नाही. नऊ महिन्यांनी ताउनो बोलत होता. त्याच्याशी. शिव्या देत का होईना.

थर्लोच्या जिभेवर प्रश्न आला. आयुष्यात एवढा मोठा प्रश्न कधी आला नव्हता: हे कसं झालं? आतमध्ये काय सरकलं? ते उघडून पाहायला त्याचा जीव तळमळला. पण त्याने दात आवळले, प्रश्न गिळला, आणि तो गिळताना घशातून असा आवाज आला की ताउनोने वर पाहिलं.

"काय झालं?"

"काही नाही. जरा डावीकडे घेऊ का?"

"घे."

खीळ आत गेली. दोघांनी श्वास सोडला. ताउनोने बंदूक उघडून पाहिली, मिटून पाहिली, खांद्याला लावून भिंतीवरच्या कॅलेंडरवर नेम धरला. मग त्याने पुन्हा खिळीकडे पाहिलं. अट त्याची होती; आता खीळ ओढून अर्धी बंदूक खिशात घालायची होती.

थर्लोने बिलासाठी पाकीट काढलं, तेही हळूच.

"वीस मिनिटं गेली," ताउनो शेवटी म्हणाला. "एवढ्यात रानकोंबडी कॅनडात पोचेल."

"पोचेल," थर्लो म्हणाला.

"जोडलेलीच राहू दे. दाराशी खुंटीला टांगू. दोघांचा हात पोचेल अशी."

"बरं."

"विमान किती वाजता आहे?"

"सातला. मार्वा थांबत नाही."

ताउनोने बंदूक दुमडली, काखेत घेतली आणि दाराकडे निघाला. उंबऱ्यावर थांबला, पण वळला नाही. "मला जाग येत नाही हल्ली. पावणेसहाला हाक मार."

गुरुवारी थर्लो पाचलाच त्याच्या दारात जाऊन उभा राहिला. दव गोठून त्याच्या टोपीला मिश्या फुटल्या. नदीवर एक बदक त्याच्याकडे बघून दोनदा ओरडलं. पाऊण तास तो तोंड मिटून थांबला, आणि पावणेसहाला, काटा नेमका जागेवर आल्यावर, त्याने अशी हाक मारली की पलीकडच्या काठावर राहणारे लोक आपापल्या दारात येऊन कोण बोलावतंय ते बघू लागले.