अंगठ्याएवढी खाच

मित्रांनो, मी एक जुना दरवाजा आहे. पण उमेदीची सगळी वर्षं मी भिंत म्हणून काढली, आणि भीत भीत काढली. दरवाजा कधी घाबरतो का, म्हणून हसू नका. ज्याला पाय नाहीत, तोंड नाही आणि ज्याच्यावर माणसांचा जीव अवलंबून आहे, त्याच्याइतकी भीती कुणालाच वाटत नसेल.

माझा जन्म एका जहाजावरचा. पोटात माल आणि वरच्या मजल्यांवर माणसं, असं ते जहाज. त्याच्या मधोमध प्रवाशांसाठी बैठकीचं दालन होतं. खिडकी एकही नाही. छतात लपवलेले दिवे होते. लाटेने कप घरंगळू नयेत म्हणून टेबलांच्या कडा उचललेल्या होत्या आणि खुर्च्या जमिनीला साखळीने बांधलेल्या. या दालनाची सजावट ठरवणारे साहेब मोठे हौशी. त्यांना चहूकडून अक्रोडाच्या लाकडाची एकसंध भिंत हवी होती. तिच्यात जिन्याकडे जाणारा मी मध्येच यायचो, आणि तेच त्यांच्या डोळ्यांत खुपलं. त्यांनी हुकूम सोडला: मूठ नको, चौकट नको, पाटी नको. लाकडाच्या रेषासुद्धा शेजारच्या फळीशी जुळल्या पाहिजेत.

मला घडवणारा मिस्त्री जुना माणूस. तो म्हणाला, "साहेब, दार दारासारखं दिसू द्या. वेळ काही सांगून येत नाही."

"मिस्त्री, इथे लोक गप्पा मारायला येणार आहेत, पळून जायला नाही."

"मग निदान बाहेरच्या बाजूला तरी उघडू द्या."

"बाहेर जिना अरुंद आहे. तुम्ही रंधा चालवा, डोकं मी चालवतो."

मिस्त्रीने रंधा चालवला. इतका सुरेख चालवला की मी कुठे सुरू होतो आणि भिंत कुठे संपते, हे त्याचं त्यालाही चाचपून बघावं लागे. माझ्या डाव्या कडेला, छातीच्या उंचीवर, तळहात दाबायचा आणि हात काढून घ्यायचा. मग आतला खटका सुटे आणि मी दालनाच्या बाजूला उघडे. कुणी नुसतंच दाबून धरलं, तर मात्र मी बंदच. पाहुणे आले, साहेबांना शाबासकी मिळाली. सगळे माझ्याकडे बघत होते आणि मी कुणालाच दिसत नव्हतो. तेव्हाच माझ्या काळजात पहिल्यांदा धस्स झालं.

मिस्त्रीची लेक त्याच जहाजावर झाडपुशीच्या कामाला लागली होती. जहाज सुटायच्या आदल्या दिवशी बाप तिला माझ्यासमोर घेऊन आला. पटाशी काढून त्याने जमिनीपासून वीतभर उंचीवर, खटक्याच्या अगदी खाली, अंगठ्याएवढी खाच पाडली.

"इतकी खाली कशाला हो, बाबा?"

"धूर वर जातो पोरी, आणि माणूस खाली बसतो. खाच सापडली की सरळ वर हात ने. दाब, आणि मागे सर. विसरू नकोस."

साहेबांच्या तपासणीत ती खाच सापडलीच. "हा डाग कसला?" ते कडाडले. पॉलिशवाल्याने मेण भरून ती बुजवली. पण लेकही मिस्त्रीचीच. रोज झाडताना ती केसांतल्या आकड्याने मेण कोरून काढायची. दर सफरीला पॉलिशवाला ते पुन्हा भरायचा आणि पुटपुटायचा, "या जहाजावर उंदीर झालेत." ती गालातल्या गालात हसायची. ताकास तूर लागू द्यायची नाही.

झाडायला आली की ती मोठ्याने म्हणायची, "पाय वर, मंडळी, झाडायचंय!" मग बडे व्यापारी असोत नाहीतर आजीबाई, सगळे निमूट पाय उचलून मागे सरायचे. प्रवाशांनी तिचं नावच पाडलं होतं, पायवरताई.

अशी सात वर्षं गेली. लोक माझं कौतुक करत, माझ्यावर हात फिरवत आणि दरवाजा कुठे आहे हे न विचारता निघून जात. प्रत्येक सफरीत मी मनात म्हणायचो, यांना कुणीतरी सांगा रे!

एका लांबच्या सफरीत, एका दुपारी पॉलिशवाला नुकताच खाच भरून गेला होता. दालनात तेवीस माणसं होती आणि पायवरताई टेबलं पुसत होती. माझं गुपित ठाऊक असलेले वाढपी खालच्या मजल्यावर जेवायला गेले होते. दालनात यायच्या मोठ्या दाराजवळच्या चहाच्या खोलीत स्टोव्ह भडकला. मोठं दार ज्वाळांनी अडलं, दिवे गेले आणि काळा धूर आत घुसला.

मित्रांनो, तो अंधार मी आजही विसरलो नाही. माणसं आंधळी कोशिंबीर खेळल्यासारखी भिंती चाचपत होती, पण या खेळात हसणारं कुणी नव्हतं. बांधलेल्या खुर्च्यांना अडखळून पडत होती. एक म्हातारे आजोबा माझ्यावरच काठी हाणत ओरडत होते, "अरे, दार कुठे आहे?" मी त्यांच्या काठीखालीच होतो! हाक ऐकून सगळे तिकडेच धावले आणि मला रेटू लागले. जितके ते रेटत होते, तितका मी घट्ट मिटत होतो. माझ्या अंगावर नखं ओढली जात होती. मला ओरडायचं होतं, पण मला तोंड नव्हतं.

तेवढ्यात भिंतीच्या पायथ्याशी एक हात सरपटत आला. खाच शोधत तो हात माझ्यावरून एकदा गेला. गुळगुळीत. परत आला. पुन्हा गुळगुळीत. आता संपलं सगळं, असं मला वाटलं. पण आगीच्या धगीने ताजं मेण मऊ झालं होतं. तिसऱ्या वेळी पायवरताईचा अंगठा त्यात खचकन रुतला.

तिने सरळ वर हात नेला. पण माणसांचा लोंढा मला दाबून उभा होता. "मागे सरका!" ती किंचाळली. "ढकलू नका, मागे व्हा!" कोण ऐकतंय? जो तो जीव मुठीत धरून पुढेच रेटत होता. ती खोकली. आणि मग त्या धुरात तिचा रोजचा, खणखणीत आवाज आला,

"पाय वर, मंडळी, झाडायचंय!"

आणि काय सांगू, सवयीने सगळे एक पाऊल मागे सरले. तेवढंच हवं होतं. खटका सुटला आणि मी उघडलो.

चोवीसच्या चोवीस जण जिन्याने वर गेले. सगळ्यांत शेवटी पायवरताई, आजोबांना पाठीवर घेऊन.

जहाज बंदराला लागलं तेव्हा मिस्त्री आला. लोक त्याची पाठ थोपटत होते, "तुमच्या खाचेने वाचवलं हो!" तो माझ्यासमोर खाली बसला, खाचेत अंगठा ठेवला आणि लहान मुलासारखा रडला. "खाच मी केली," तो म्हणाला, "तशी भिंतही मीच केली." मग त्याने स्वतःच्या हाताने मला पितळी मूठ बसवली. या खेपेला त्याने कुणाला विचारलं नाही.

पुढे जहाज मोडीत निघालं. आता मी जुन्या सामानाच्या दुकानात भिंतीला टेकून उभा आहे. आज सकाळी एक गिऱ्हाईक आलं. माझ्या लाकडावर खूश झालं. "आमच्या नव्या सभागृहाला हाच हवा. मूठ तेवढी काढा, म्हणजे भिंतीत बेमालूम मिसळून जाईल."

दुकानदार म्हणाला, "मूठ काढतो, ओरखडे घासतो, खालची खाच मेणाने भरून टाकतो. परवा घेऊन जा."

तेव्हापासून माझा थरकाप थांबलेला नाही. तिथे मिस्त्री नसेल, त्याची लेकही नसेल. म्हणून तुम्हाला हात जोडून सांगतो. कुठल्याही देखण्या दालनात गेलात, की आधी दार कुठे आहे ते बघून ठेवा. दिसलं नाही, तर भिंतीजवळ खाली बसा आणि हाताने चाचपा. वीतभर उंचीवर कुठे मेण लागलं, तर नखाने कोरून काढा. मला ओरडता येत नाही.