शिवबाईने सांगितलेलं छितकुल

"दार एवढं बुटकं हाय, की राजा आला तरी वाकूनच आत जावं लागतं," शिवबाई सांगत होती. "आत देवी. काळी कुळकुळीत. आन् डोळं चांदीचं. आपुन जिकडं सरकावं तिकडं ती बगती."

"नाव काय म्हनलीस तिचं?"

"माती देवी."

"म्हंजे आपल्या रानातलीच की गं!" कुणीतरी म्हणालं, आणि शेंगा फोडणारे हात हसता हसता थांबले.

मंद्रूपच्या त्या ओसरीवर उन्हाळ्याच्या दुपारी सहा-सात बायका बसल्या होत्या. शिवबाई सोलापुरात राहायची. पण माहेरी आली, की तिच्या तोंडून परमुलुख ऐकायला बायका जमायच्याच. ओसरी मथुराबाईंची. पासष्टीच्या, गुडघ्यांनी अधू, तुळजापूर आणि अक्कलकोट सोडून पलीकडे न गेलेल्या. शिवबाईला त्यांनी लहानपणी कडेवर घेतलेलं, म्हणून ती त्यांना आक्का म्हणायची. सगळ्यांत पुढे बसून, तोंडाचा आ करून ऐकायच्या त्याच.

त्यांनी हातातली शेंग सुपात टाकली. "मी नाव घातलंय," त्या म्हणाल्या.

"कशात, आक्का?"

"तुज्या यात्रा कंपनीत. ह्या तुज्या डोंगरातल्या छितकुलला. थोरल्यानं फोन केला, मॅनेजरनं जागा दिली. तू संगं हाईस म्हनल्यावर मला कशाचं भ्या? तूच दाव मला सगळं."

बायकांनी गलका केला. शिवबाई हसली, पण तिने सुपात दाण्यांऐवजी टरफलं टाकली.

कारण शिवबाईने छितकुल पाहिलंच नव्हतं.

नवरा यंत्रमागावर होता, तो गेल्यावर तिने घरीच भाकरी करून खानावळींना द्यायला सुरुवात केली. तिची भाकरी चंद्रासारखी गोल आणि पापडासारखी पातळ. सोलापूरच्या एका यात्रा कंपनीने तिला आचाऱ्याच्या हाताखाली घेतलं, त्याला सहा वर्षं झाली. डोंगरात गेलं तरी सोलापूरकरांना रात्री ज्वारीची भाकरी लागते. म्हणून गाड्यांबरोबर पिठाची पोती जायची आणि पोत्यांबरोबर शिवबाई. सकाळी प्रवासी बघायला निघाले, की ती हॉटेलच्या मागच्या मोरीवर भांडी घासायची, भाज्या निवडायची. चार वाजले की काठवट पुढे ओढायची. शिमला, मनाली, किन्नौर. सगळीकडे मोरी तेवढी वेगळी.

पहिल्या खेपेला गावी आल्यावर मथुराबाईंनीच विचारलं होतं, "काय काय बगितलंस गं?" मोरी बघितली असं सांगायला तिची जीभ रेटली नाही. रात्री जेवताना प्रवासी जे बोलले होते, तेच तिने सांगितलं. बायका थक्क झाल्या. त्यांची तोंडं बघून तिला वाटलं, आपण खरंच जाऊन आलोय. मग तिला नादच लागला. वाढता वाढता ती प्रवाशांना विचारायची, "आज काय बगितलं वो? दगड कसला हुता? बायका काय नेसतात तितं?" लोकांना वाटायचं, मावशी बोलक्या आहेत. ती मात्र एकेक गोष्ट कनवटीला लावल्यासारखी जपून गावी न्यायची.

आणि आता मथुराबाई स्वतःच निघाल्या होत्या.

*

सप्टेंबर सरता सरता चाळीस जण निघाले. दिल्लीला मथुराबाई लाल किल्ला बघून आल्या आणि म्हणाल्या, "तू न्हाय आलीस?"

"ते मी धा डाव बगितलंय, आक्का."

शिमल्यालाही तसंच निभावलं. आचारी चांदसाब हे सगळं ऐकत होता. सोलापूरच्या शास्त्रीनगरातला साठीचा माणूस, कांदा चिरताना बोलायचा. "बाई, कायकू लपवतंय तुमी? सांगून टाका की. काम करतो आपण, चोरी नै करत."

"काम सांगायची लाज न्हाय वो, चांदसाब. आता खोटं सांगितल्याची हाय."

किन्नौरातल्या सांगल्याला मुक्काम पडला. तिथून छितकुल तासाभरावर, तिबेटच्या सरहद्दीकडचं गाव. रस्ता अरुंद, म्हणून दिग्विजय मॅनेजरने लोकांच्या दोन तुकड्या केल्या. निम्मे आज छितकुलला, निम्मे कामरूच्या किल्ल्यावर, उद्या उलट. मथुराबाई पहिल्या तुकडीत होत्या.

सकाळी त्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या. लुगड्यावर नातवाचा स्वेटर, डोक्याला माकडटोपी. "चल की. गाडी निगाली."

"तुमी व्हा म्होरं, आक्का. मी मागच्या गाडीनं येती."

मागची गाडी नव्हतीच. दिवसभर शिवबाईच्या हातून दोनदा भांडं निसटलं. हॉटेलच्या मागून नदीचा घोष ऐकू यायचा, तो एरवी तिला सोबतीसारखा वाटायचा. आज तो कानात गेला नाही.

चारच्या सुमाराला गाड्या आल्या. मथुराबाई सरळ मागे आल्या. टोपी काढली, पालथ्या घातलेल्या पातेल्यावर बसल्या.  शिवबाई पीठ मळत राहिली.

"देवीचं नाव माती न्हाय," त्या म्हणाल्या. "माथी. पाटीवर लिवलंय. मला वाचाय येत न्हाय, शेजारच्या बाईनं वाचलं."

शिवबाईचा हात थांबला.

"नदी दुधावानी न्हाय. हिरवी हाय. आन् तू म्हनलीस सीमेवर किल्ल्यावानी भिंत हाय, हातात हात घालून शिपाई हुबं हाईत. तितं नुस्ता एक दांडा आडवा हाय, शिवे. मी मॅनेजरला इचारलं, आमची शिवबाई कुटं ऱ्हायली? त्यो म्हनला, काकू, मावशी कधीच येत नाहीत."

"आक्का..."

"सा वर्सं मी तुज्या तोंडाकडं बगत बसली. लोकाला सांगितलं, आमच्या शिवीनं सगळा मुलुख पायाखाली घातलाय. सुनंला बोलली, नातीला बोलली. आन् तू मला येड्यात काडलीस."

"मग काय सांगू?" शिवबाईचा आवाज एकदम चढला. "हाटेलाची मोरी सांगू? चाळीस ताटं सांगू? तुमी इचारायचा काय बगितलंस, आन् मी काय दावू, माजं हात?" तिने पिठाने भरलेले हात पुढे केले आणि तसेच खाली घेतले. "मला कुनी न्हेलंच न्हाय. मी इचारलंबी न्हाय."

मथुराबाई उठल्या. रात्री पंगतीत त्यांनी भात घेतला. भाकरीचं ताट समोर आलं तेव्हा मान हलवून नको म्हणाल्या. शिवबाईने ते लांबून पाहिलं. सहा वर्षांत तिची भाकरी कुणी परत लावली नव्हती.

*

दुसऱ्या दिवशी उजाडताच शिवबाई चहाचं आधण ठेवत होती, तोच कुणीतरी तिला बाजूला ढकललं.

"सरक," मथुराबाई म्हणाल्या. पदर खोचलेला, बाह्या वर. "काठवट कुटं हाय?"

"काय करताय, आक्का?"

"आज किल्ल्यावर जायाचं हाय म्हनं. चडाव हाय. माजं गुडघं काय त्ये न्हाय मानायचं. मी हितं बसून भाकरी बडवती. तू त्या छितकुलच्या गाडीत बस."

तेवढ्यात दिग्विजय यादी घेऊन आत आला. सोलापूरचाच, तिशीतला मुलगा, सारखा घाईत. मथुराबाईंना काठवटीपाशी बघून तो गडबडला. "काकू, तुम्ही पॅसेंजर आहात! असं नाही चालत."

"प्यासेंजरला भाकरी येत न्हाय व्हय रं? आठ मानसांच्या घरात पन्नास वर्सं थापल्यात."

"पण नियम..."

"माज्या किल्ल्याच्या जागेबदली तिला छितकुलच्या गाडीत जागा दे. पैसं मी भरल्यात का न्हाय?"

दिग्विजयने चांदसाबकडे पाहिलं. चांदसाबने कांद्यावरून मान वर केली नाही. "सायब, स्वैपाकाचं मी बगतो. जाऊ द्या बाईला."

दिग्विजयने यादीवर काहीतरी खोडलं. मग थोडं ओशाळून म्हणाला, "मावशी, तुम्ही कधी म्हणालाच नाहीत हो."

शिवबाई हात पुसत उभी होती.  "हितल्या पान्यानं पीट तुटतं, आक्का. उकळतं पानी घ्या," एवढंच ती म्हणाली.

"मला शिकवू नगंस." मथुराबाईंनी वर पाहिलं. त्यांचा राग गेला नव्हता. "आन् ह्या डावाला दुसऱ्याचं ऐकल्यालं सांगायचं न्हाय. तुला दिसंल ते सांग. न्हाय दिसलं तर न्हाय म्हन."

*

गाडी निघाली. रस्ता कड्यात कोरलेला होता. कडा डोक्यावर छपरासारखा पुढे आलेला, आणि खाली नदी. खरंच हिरवी. सफरचंदाच्या बागा मागे पडल्या. अभयारण्याची पाटी आली. पुढे पांढऱ्या बुंध्यांची झाडं लागली, त्यांची साल कागदासारखी सुटून वाऱ्यावर फडफडत होती.

"ह्याला काय म्हनत्यात?" शिवबाईने विचारलं.

"भोजपत्र," तिथला ड्रायव्हर म्हणाला. "पुराने लोग इस पे लिखते थे."

गाडीतल्या सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. भाकरीवाल्या मावशी गाडीत बसून प्रश्न विचारताहेत, हे त्यांना नवं होतं. मग एकाने खिडकीची जागा दिली.

छितकुलला उतरल्यावर थंड वाऱ्याने तिचा श्वासच काढून घेतला. समोर बर्फाचे डोंगर इतके जवळ होते, की ती दोन पावलं मागे सरली. लोक फोटो काढायला नदीकडे गेले. शिवबाई गावात शिरली.

घरं लाकडाची होती, छपरावर दगडी पाट्या. फरशी अंगणात घालतात, इथं डोक्यावर घातली होती! ती एका भिंतीपाशी थांबून सांध्यांना हात लावत राहिली. एक फळी, एक दगड, पुन्हा फळी. छपरांवर गवत वाळत होतं. एक लहानशी लाकडी खोली जमिनीपासून उंच उचललेली, दाराला हाताएवढं कुलूप. ही देवाची असेल, असं वाटून तिने हात जोडले. मागून आलेला ड्रायव्हर हसला. "अनाज का कोठार है, माताजी."

"मग तर नमस्कार घालायलाच पायजे," ती म्हणाली.

देवळापाशी ती बराच वेळ उभी होती. लाकडावर वेली, फुलं, जनावरं कोरलेली. दार बंद होतं. फटीतून बघावं असं तिला फार वाटलं; पण ती नुसती पायरीला हात लावून परतली.

गावाबाहेरच्या उतारावर एक बाई लालसर ताटांच्या पेंढ्या बांधत होती. डोक्याला हिरव्या पट्टीची टोपी, वय शिवबाईएवढंच. कंबर वाकवायची, मूठ धरायची, पेंढी गुडघ्याने दाबून गवताचा बंध आवळायची. शिवबाई बघत राहिली. ज्वारीच्या कडब्याला मंद्रूपला अगदी अस्संच करतात. न विचारता ती शेतात उतरली, एक मूठ उचलली, पेंढी बांधून दाखवली. बाईने ती हातात घेऊन हलवून पाहिली. सुटली नाही. मग तिने शिवबाईच्या ओंजळीत थोडे दाणे घातले. काळपट, तीन कोनांचे.

शिवबाईने एक दाणा दाताखाली फोडला. "भाकरी व्हती का हेची?"

ड्रायव्हरने दोन्हीकडचं सांगितलं. भाकरी नाही, पीठ पातळ करून तव्यावर ओततात.

"धिरडं म्हना की! आन् दळता कुटं?"

बाईने ओहोळाकडे बोट दाखवलं. तिथे दगडी खोपटात पाण्यावर फिरणारं जातं होतं. शिवबाई वाकून आत शिरली. माणूस नाही, बैल नाही. खालून पाणी धावत होतं आणि वरची दगडी पाळू आपोआप गरगरत होती, पीठ भुरभुरत होतं. आई पहाटे दळायची, तेव्हा तिच्या तळहाताला पडलेले घट्टे तिला आठवले. ती तिथेच उकिडवी बसली. बाहेरून हाका आल्या तरी तिला उठवेना.

शेवटी गाडी सरहद्दीच्या चौकीपर्यंत गेली. आडवा दांडा, एक जवान. पलीकडेही तोच डोंगर, तेच गवत.

"पलीकडं काय हाय?"

"पहाड़, माताजी."

"त्येच्या पलीकडं?"

"और पहाड़. फिर तिब्बत."

"तितं कोन ऱ्हातं?"

जवान जरा गोंधळला. असं त्याला बहुतेक कुणी विचारलं नसावं. "लोग रहते हैं," तो म्हणाला.

*

ती परत आली तेव्हा ऊन उतरलं होतं. मथुराबाई मागच्या दारात पातेल्यावर बसल्या होत्या. आत फडक्याखाली भाकरी रचलेल्या. काही कडेला फाटलेल्या, काही जाड. मथुराबाईंचे हात कोपरापर्यंत पिठाने माखलेले होते, आणि तव्याचा चटका लागून एक बोट लाल झालं होतं.

"पानी खरंच वंगाळ हाय हितलं," त्या म्हणाल्या. "दिवसभर वाकून पाट मोडली. रोज करतीस?"

"रोज."

 मथुराबाईंनी पायाने एक पालथं घमेलं पुढे सरकवलं. "बस. सांग."

शिवबाई बसली. सहा वर्षं तिची जीभ कधी अडली नव्हती. आज सुरुवात कुठून करावी तेच तिला सुचेना.

"देवीचं डोळं?" मथुराबाईंनी विचारलं.

"न्हाय दिसलं. दार बंद हुतं."

"कालबी बंदच हुतं. मग चांदीचं डोळं कुनी सांगितलेलं तुला?"

शिवबाईने मान खाली घातली. "कुनी न्हाय. ते मीच घातलं."

मथुराबाई तिच्याकडे बघून पोट धरून हसू लागल्या. आत चांदसाबही हसला. शिवबाईला हसू येत होतं आणि डोळेही भरून येत होते.

"बरं, मग काय दिसलं ते सांग."

"एक बाई दिसली, आक्का," शिवबाई हळू म्हणाली. "पेंड्या बांदत हुती..."

ती सांगू लागली. मधेच थांबायची, आठवायची, "हे मला नीट न्हाय कळलं" म्हणायची, आणि पुढे जायची. पाण्यावरच्या जात्याशी आली तेव्हा तिने दोन्ही हातांनी पाळू फिरवून दाखवली. पंगतीची वेळ होत आली होती. मथुराबाईंच्या हातांवरचं पीठ वाळून पांढरं झालं होतं, त्याला भेगा पडल्या होत्या. पाण्याची बादली शेजारीच होती. पण त्या हात धुवायला उठल्या नाहीत.