पहिला गिअर पडेना

गाडीच्या पोटात काही दुखू लागले, की ते सर्वांत आधी माझ्या अंगात उमटते. मित्रांनो, मी एका जुन्या मोटारीच्या गिअरचा दांडा आहे. स्टिअरिंगच्या बाजूला, आडव्या फांदीसारखा मी असतो. कारखान्यात माझ्या टोकाला पांढरीशुभ्र मूठ बसवली होती. नागपुरात आलो, तेव्हा महाल भागातले मधुकरराव ती मूठ रुमालाने पुसत आणि मगच गाडी सुरू करत. "लोण्यासारखा गिअर पडते," असे ते शेजाऱ्यांना सांगत, आणि मी मनातून फुलून जाई.

मला बोलता येत नाही, तरी मी सांगत असतो. क्लच पुरता दाबला नाही, तर मी कर्रकन ओरडतो. गिअरच्या पेटीतले तेल कमी झाले, की धावताना बारीक रडका सूर निघतो आणि माझी मूठ थरथरते. आतले दाते झिजले, तर चालत्या गाडीत मी आपोआप निसटतो. पण माणसे घाईत असतात, मित्रांनो. मी अडलो, की ती जोर लावतात.

त्या वर्षी मधुकररावांच्या लहानग्या जयाच्या पायाचे ऑपरेशन झाले. पोलिओने तो पाय आखडला होता. कमरेपासून बोटांपर्यंत प्लास्टर. रिक्षात तो पाय मावत नसे. म्हणून मागच्या सीटवर तिला आडवे निजवून, डोके आईच्या, गोपिकाच्या मांडीवर ठेवून, दवाखान्यात न्यावे लागे. प्लास्टर कापण्याचा दिवस ठरला, आणि नेमका तेव्हाच माझा पहिला गिअर पडेनासा झाला.

आदल्या दिवशी दुपारी मधुकररावांनी मला हिसके दिले. मी निम्म्यावर जाऊन थटायचो.

"गेला गिअरबॉक्स! आता पेटी उतरवा, अन् महिनाभर गाडी गॅरेजमध्ये!"

"अहो, उद्या जयाचं प्लास्टर कापायचं आहे," गोपिका म्हणाली. "ते डॉक्टर महिन्यातून एकदाच येतात."

"मले मालूम नाही का? गाडीले सांग ना!"

ओट्यावर बसलेल्या त्यांच्या आई, अंजनाबाई, पुटपुटल्या, "दृष्ट लागली पोरीले. म्हटलं तं हा हसते."

दुखणे पेटीत नाही, हे मला ठाऊक होते. ते कुठे आहे, हेही ठाऊक होते. ते सापडले नाही, तर जया घरीच राहणार. सापडले, तर एका म्हातारीला बोलणी बसणार.

गोपिका म्हणाली, "मेकॅनिककडे जाऊ, पण दुखणं कुठं आहे ते तं पाहू. इंजिन बंद करून गिअर टाका बरं."

तसेही मी अडलोच.

"बंद गाडीतही अडते, म्हणजे दोष क्लचचा दिसत नाही." मग तिने, तेल गळते का ते पाहायला सकाळी गाडीखाली सरकवलेला जुना पेपर ओढून काढला. कोरडा! तेलाचा थेंब नाही. "धावताना काही आवाज?"

"काहीच नाही."

"मग पेटी काहून उतरवता?"

"तू मिस्त्रीण झाली का वं?"

"नाही झाली. इतके दिवस पोरीचं कुठं दुखते, हेच पाहून राहिली. तुम्ही दांडा हलवा, मी बॉनेटमधून पाहते."

"बॉनेट नोको उघडू, गोपिका!" अंजनाबाई एकदम उठल्या.

पण बॉनेट उघडले होते. माझ्यापासून पेटीकडे जाणाऱ्या सळईला काळा दोरा गुंडाळलेला होता. त्यात सुकलेल्या मिरच्या आणि दगडासारखे वाळलेले लिंबू. सैल होऊन ते खाली घसरले होते, आणि सळई अन् पत्रा यांच्यामध्ये पाचरीसारखे बसले होते.

मधुकररावांनी पूर्वी एकदा बंपरवरचे लिंबू काढून फेकले होते. "माझ्या गाडीचा भाजीबाजार नोको करू," म्हणाले होते. म्हणून ऑपरेशनच्या आदल्या दिवशी त्या माउलीने, अंजनाबाईंनी, ते कोणाला दिसणार नाही असे आत बांधले.

मधुकररावांनी पक्कड उचलली. अंजनाबाईंनी पदर तोंडाशी धरला. "तोडू नोको रे मधू. तिच्या पायासाठी बांधलं होतं."

पक्कड हवेतच राहिली. मग ती खाली ठेवून, नखांनी, एकेक करून त्यांनी गाठी सोडवल्या. आत येऊन मला हलकेच ओढले. खट्!

घराच्या खिडकीतून जयाचा आवाज आला, "बाबा, पडला?"

"पडला वं बाई, पडला."

ते लिंबू त्यांनी स्वतःच्या हाताने समोर बंपरला बांधले. "आई, पुढच्या वेळी मले सांगून बांध. मी हसीन, पण तोडणार नाही." दुसऱ्या दिवशी आम्ही वेळेवर दवाखान्यात पोहोचलो, आणि जयाचे प्लास्टर निघाले.

आता माझी मूठ तडकली आहे. गाडी क्वचितच निघते, आणि रुमालही कोणी फिरवत नाही. मित्रांनो, एखादे यंत्र अडले किंवा माणूस अडला, तर आधी हात हलका करा. कुठे अडते आहे ते पाहा. जोर काय, नंतरही लावता येतो.

जया शाळेला निघताना पायाला आधार देणाऱ्या कॅलिपरचा चाप गुडघ्याशी बसवते. खट्! हुबेहूब माझाच आवाज. ओट्यावरून अंजनाबाई विचारतात, "पडला का वं?"

"पडला, आजी," ती म्हणते आणि चालू लागते.