जर्मनीचा झेंडू

मी दुसरीत शाळा सोडली, पण मखमलाबादच्या शिवारात माझ्याइतका झेंडू कुणाला कळत नाही, हे आधीच सांगून ठेवते.

सन २००६ ला माझ्या नातीने, भाग्यश्रीने, कॉम्प्युटरवरून फुलांच्या ऑर्डरी घ्यायला सुरुवात केली. दसऱ्याच्या तोंडावर चार ऑर्डरी खोट्या निघाल्या. पत्ता गंगापूर रोडचा, आणि तिथं जावं तर कधी कुलूप, कधी दाताचा दवाखाना. फुलं कोमेजून परत. माझा मुलगा धोंडीराम म्हणाला, अजून एक खोटी निघाली की हा डबा विकायचा आणि पोरीने गपगुमान हार ओवायचे. पोरगी दोन दिवस धड जेवली नाही.

मी विचारलं, कोण करतंय ते तुझ्या डब्याला कळत नाही का? ती म्हणाली, प्रत्येक कॉम्प्युटरला घरासारखा नंबर असतो, पण या ऑर्डरींचे नंबर एकदा जर्मनीचे, एकदा ब्राझीलचे. माणूस इथलाच, पण परक्याच्या कॉम्प्युटरच्या आडून येतो. म्हणजे तोंडावर पदर ओढून. असल्या आडोशांची यादीच तिने मिळवली होती, आणि ते सगळे नंबर ती बंद करणार होती. पण सिन्नरच्या कारखान्यातल्या आशाबाईंची ऑर्डरही परदेशी नंबरावरूनच यायची. त्यांच्या कंपनीचे सगळे कॉम्प्युटर म्हणे तिकडच्या एकाच दारातून बाहेर पडतात. आशाबाई दर गुरुवारी न चुकता हार घेणारी बाई. तिला कसं बंद करायचं?

"मग दार लावू नको," मी म्हटलं. "पदर घेतला तरी बाई चालीवरून कळती. लिहिलंय काय ते वाच."

त्याच सकाळी पाचवी ऑर्डर आली होती, पुन्हा जर्मनीच्या नंबरावरून. भाग्यश्रीने ती वाचली आणि कितीतरी दिवसांनी हसली. "जिजी, याला एक कॅरेट झेंडू पाहिजे. हे तर सोनाराचं माप."

मी हसले नाही. शहरातलं गिऱ्हाईक फुलं किलोने मागतं, नाहीतर हाराने. टोमॅटो भरायच्या प्लास्टिकच्या खोक्याला कॅरेट म्हणणारा माणूस आमच्या बाजारातलाच. मी नातीला म्हटलं, त्यालाच विचार, लाल पाहिजे का पिवळा. अर्ध्या तासात उत्तर आलं: लाल, विहिरीवरचा.

बघा, जर्मनीत बसून त्याला आमची विहीर दिसली. विहिरीवर लाल झेंडू मी लावते, आणि तो उचलणारा आजवर एकच, माझ्या दिराचा पोरगा रंगनाथ. फुलबाजारात त्याचा गाळा. पोरगी थेट गिऱ्हाइकाला माल द्यायला लागली तसा त्याचा गाळा सुकला.

धोंडीरामला पटेना. चुलतभाऊ हाय माझा, तो असं करायचा नाय, म्हणाला. मी म्हटलं, भांडतो कशाला, ऑर्डर पोचवून येऊ.

भर बाजारात मी रंगनाथच्या गाळ्यावर कॅरेट ठेवायला लावलं.

"काकू, हे काय?"

"तुझी ऑर्डर. लाल, विहिरीवरचा."

शेजारच्या गाळ्यावर हार ओवणाऱ्या सरुबाईची सुई हवेतच थांबली. रंगनाथ म्हणाला, कसली ऑर्डर, त्याला तर कॉम्प्युटर चालूसुद्धा करता येत नाही.

"मग भाग्यश्रीकडं शिकायला ये," मी म्हटलं. "फक्त तोंड उघडं ठेवून ये."

त्याने माझ्याकडे बघितलंच नाही, धोंडीरामकडे बघितलं. "दादा, तुमचा माल बंद झाला तर मी विकू काय?"

घरी आल्यावर धोंडीराम पाय धुऊन नातीच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहिला आणि हळूच विचारलं, शेवंती पण टाकता येती का गं यावर? अन् थोडा माल रंग्याच्या गाळ्यावर जाऊ दे.

मी पलीकडेच मेथी निवडत होते. मान वर केली नाही. केली असती तर त्याने शब्द गिळला असता.